मी सरकवलेली नदी

नदी हलवायला भगीरथ लागतो, घोर तपश्चर्या लागते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी ती एका संध्याकाळी चहा पिता पिता खोडरबरने हलवली. चांगली दोन बोटं उत्तरेला! मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी मोहिनीला हाक मारून दाखवलीसुद्धा. मोहिनी म्हणजे माझी बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "छान," असं ती म्हणाली, पण पहिलीतल्या पोरांनी काढलेल्या हत्तीलाही ती त्याच आवाजात छान म्हणते.

तुम्ही म्हणाल, कुठली नदी? घाबरू नका, आमची तापी आहे तिथेच आहे. ही नदी सोनवेळ, आणि ती वाहते काजळकोटातून. काजळकोट हे मी वीस वर्षांपूर्वी तयार केलेलं जग. तेव्हा मी नाशिकला इंजिनिअरिंगला होतो आणि सुट्टीत गावी येताना एका खेळाच्या नियमांच्या झेरॉक्स घेऊन आलो होतो. खेळ सोपा. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी चोर. समोर राक्षस आला की काय करता ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा चांगला पडला तर राक्षस मरतो, वाईट पडला तर तुम्ही.

सूत्रधार अर्थात मी. खेळणारे दोघं, माझे जिवाभावाचे दोस्त. एक मगन, जो आज केळीचा व्यापारी आहे आणि देवळात नारळ घेतानाही घासाघीस करतो. दुसरा गिरधर, ज्याची केळी नि पपई आहे आणि ज्याला एकदा एखादी गोष्ट आपली वाटली की ती ब्रह्मदेव आला तरी आपलीच राहते. त्या उन्हाळ्यात मगनच्या वावरातल्या मोटारीच्या खोलीत आम्ही तिघं रोज दुपारी बसायचो. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत मी पितळी हंड्यात तोंड घालून काजळराजाचा आवाज काढायचो. काजळराजा म्हणजे आमच्या जगाचा खलनायक, तीनशे वर्षांपूर्वी मेलेला आणि तरीही राज्य करणारा. त्या आवाजाने गिरधर खरोखर घाबरायचा. मग सुट्टी संपली, लग्नं झाली, मी शहाद्याला ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं आणि काजळकोट एका पत्र्याच्या पेटीत जाऊन पडला.

आणि यंदा अचानक त्याचं भाग्य उजळलं. त्या खेळाची नवी आवृत्ती आली, आणि पुण्याच्या एका प्रकाशनाने जाहीर केलं की जुनी मराठी जगं नव्या आवृत्तीसाठी पुन्हा उभी करून पाठवा, आवडलं तर छापू. मी पेटी उघडली, फोटो काढले, पाठवले. आठवड्याभरात फोन! मयूरी नावाच्या संपादक बाई होत्या.

"सर, जग झकास आहे. पण दोन गोष्टी. नव्या नियमांत प्रवासाचं मोठं प्रकरण आहे, ते तुमच्या जगात वापरायला हवं. आणि तुमचे जुने खेळाडू अजून आहेत का? वीस वर्षांपूर्वीचा गट आज पुन्हा खेळतोय, हे आम्हाला बघायचंय. मी पुढच्या पुढच्या रविवारी येते. मूळ गट बसला तर पुस्तक नक्की समजा."

मी फोन ठेवला आणि घरात एक गिरकी घेतली. छातीवर हात ठेवून सांगतो, लग्न ठरलं तेव्हाही घेतली नव्हती.

जुने खेळाडू तर दोनशे पावलांवर राहत होते, त्यामुळे ती काळजी नव्हती. अडचण प्रवासाची होती. जुन्या नकाशात सोनवेळ नदी अशी वाहत होती की वीरमंडळी सकाळी निघाली तर दुपारच्या जेवणाला काजळराजाच्या दारात पोचायची. यात प्रवास कसला? हे तर शहाद्याच्या बाजाराला जाऊन येण्यासारखं झालं. म्हणून मी नदी उत्तरेला सरकवली. आता वळसा घालून जायचं, वाटेत दलदल, दरोडेखोर आणि एक उपाशी घुबड. तीन दिवसांचा रस्ता! नव्या आवृत्तीचं प्रवासाचं प्रकरण त्यात असं बसलं की मी स्वतःच्याच पाठीवर हात पोचतोय का ते पाहिलं, आणि नव्या नकाशाचा फोटो मयूरीबाईंना पाठवूनही दिला.

मुख्य दिवसाआधी एक तालीम हवी म्हणून रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. मगन आला, गिरधर आला, चौथी म्हणून मोहिनीला बसवलं. माझी आई, जसोदाबाई, शेंगा फोडत बाजूला बसली होती. नवा नकाशा मी टेबलावर असा उलगडला की जणू पैठणीच उलगडतोय.

गिरधरचे डोळे भरून आले. त्याचं पात्र शेरखड्ग नावाचा योद्धा, आणि मागच्या खेळाच्या शेवटी काजळराजाने शत्रू असूनही खूश होऊन त्याला नदीकाठचं बगळबेट इनाम दिलं होतं. ते बेट गिरधर कधीच विसरला नव्हता. स्वतःच्या लग्नात हळद लागताना त्याने मला कानात विचारलं होतं, "बेट आजून मन्हंच शे ना?"

मगन मात्र नकाशाकडे वेगळ्या नजरेने बघत होता. केळीचा घड बघून वजन सांगणारी ती नजर. त्याचं पात्र नागफणी, चोर आणि सावकार, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर त्याची बाजारपेठ.

"हेमकांत," तो हळूच म्हणाला, "हाई बेट आते मन्हा काठले लागी गयं."

मी पाहिलं. अरे देवा. नदी दोन बोटं वर गेली होती, बेट जागेवरच होतं, आणि काल गिरधरच्या काठाला असलेलं बगळबेट आज मगनच्या काठाला चिकटलं होतं!

"ते बघू नंतर," मी म्हणालो. "तर वीरांनो, दलदलीतून एक आवाज येतो..."

"आवाज येऊ दे," मगन म्हणाला. "नदी सरकनी, बेट मन्हाकडे उनं. ज्याना काठ, त्याना गाळ."

आता हे तापीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, पण तुम्ही दुसरीकडचे असाल म्हणून सांगतो. नदीचं पाणी ओसरलं की पात्रात गाळाची जमीन उघडी पडते. तिला आम्ही गाळपेर म्हणतो, त्यात टरबुजं फार गोड येतात. नदी पुरात इकडची तिकडे झाली की गाळ ज्याच्या काठाला लागेल तो तिथे टरबुजं लावतो, अशी आमच्या गावची जुनी रीत. कागदावर ती जमीन कुणाची हा प्रश्न वेगळा, रीत ती रीत.

"वीस वरीस व्हयनात," गिरधर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "राजानी माले इनाम दिन्हं. ती जमीन मन्ही शे."

"तुन्ही व्हती. नदी मायना मनमा उनं, ती सरकनी. मी काय करू? मी टरबूज लावस."

"तुम्ही दोघं राक्षसाशी लढणार आहात की नाही?" मोहिनीने विचारलं. तिने बिचारीने वैद्यबाईचं पात्र घेतलं होतं आणि सकाळपासून कुणी जखमीच होत नव्हतं.

मगनने फासा उचलला. "टरबूज कशा उनात ते दखस." फासा गरगरला, थांबला. वीस! भरघोस पीक. मगनने लगेच गिऱ्हाईकही ठरवलं, दलदलीतल्या दरोडेखोरांना डझनाच्या भावाने.

गिरधर उठला. चपला घातल्या. "मन्ही जमीनवर पीक काढं आनि इकं बी. मी चालनू," एवढं बोलून तो निघाला. उपाशी घुबड उपाशीच राहिलं.

मला वाटलं, रात्रीत राग उतरेल. सोमवारी सकाळी कळलं की गिरधरने पाण्याचा वाल बंद केलाय. खरा वाल. त्या दोघांची तापीवरून येणारी पाइपलाइन सामाईक आहे आणि वाल गिरधरच्या बांधावर आहे. मगनच्या केळीचं पाणी बंद! दुपारी कळलं की मगनने आपल्या बांधावरच्या वाटेत ट्रॉली आडवी लावली आहे. खरी ट्रॉली. आणि गिरधरची केळी कापणीला आलेली, ट्रक त्या एकाच वाटेने जातो. बेट कागदावरचं, पण पाणी आणि केळी खरी होती.

"बाजारात तुरी," मोहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली. पुढचं म्हणायची गरज नव्हती.

मी गिरधरकडे धावलो. "अरे भो, तुला दुसरं बेट देतो. मोठं. त्याच्यावर गरम पाण्याचे झरे."

"माले दुसरं नको. माले मन्हं पाहिजे."

"रविवारी पुण्याच्या बाई येताहेत रे. तुम्ही दोघं एका टेबलाला बसला नाहीत तर माझं पुस्तक गेलं."

"त्याले सांग," असं म्हणून तो गोठ्यात निघून गेला.

त्याला सांगायला मगनकडे गेलो. मगनने मला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की बेट परत द्यायला त्याची हरकत नाही, पण टरबुजाचं पीक उभं आहे, त्याची भरपाई, शिवाय काजळकोटाच्या पश्चिम वेशीवरचा जकातनाका कायमचा नागफणीच्या नावे. मी म्हटलं, मगन, खेळ आहे रे हा. तर तो म्हणाला, "मंग वाल काय खेळ शे?"

बुधवारपर्यंत गाव दोन भागांत वाटलं गेलं. खेळ कशाशी खातात हे कुणालाच माहीत नव्हतं, पण गिरधरचं बेट मगनने दाबलं एवढं सगळ्यांना कळलं होतं. पिठाच्या गिरणीत मला एकाने बाजूला घेऊन विचारलं, बेट किती एकराचं, आणि वीज आहे का? मी सांगितलं की तिथे फक्त बगळे आहेत. तो म्हणाला, "मंग पानी भरपूर व्हई," आणि विचारात पडला.

गुरुवारी कळसाडीहून गिरधरचे सासरे जीप करून आले. सोबत मेहुणा आणि पेढे. त्यांनी उंबऱ्यावरच सुरुवात केली. "जवाईबापू, बेट लिन्हं आनि आमले सांगं नही?"

गिरधरने काय करावं? खरं सांगितलं तर सासऱ्यासमोर हसं, आणि नाही सांगितलं तर बेट दाखवायला न्यावं लागणार. तो म्हणाला, "मामा, त्याना वाद चालू शे." सासऱ्यांनी मान डोलावली. जमीन आहे आणि वाद नाही, असं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, वाद मिटेपर्यंत आम्ही इथेच राहतो. आणि राहिले! गिरधरच्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती काजळराजावर पडली असती तर तो दुसऱ्यांदा मेला असता.

मी त्या रात्री जेवलो नाही. शुक्रवारी मयूरीबाईंचा निरोप आला, रविवारी सकाळी नंदुरबारला रेल्वेने उतरते, तिथून गाडीने तुमच्याकडे, फार उत्सुक आहे. मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलो. वीस वर्षं उराशी बाळगलेलं जग छापायचं ठरायला दोन दिवस उरले होते आणि ते दोन बोटांच्या रेघेसाठी बुडत होतं. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

आई शेजारी येऊन बसली. "भांडण वावरनं शे ना?"

"पन माय, ते वावर खरं नही."

"भांडण त खरं शे ना? मंग पारवर लई जा. इंद्रसिंगबापूले सांगस मी."

इंद्रसिंगबापू म्हणजे गावातले सगळ्यात जाणते. ऐंशीच्या पुढचे, पांढरं धोतर, जाड काचांचा चष्मा, आणि आयुष्यभर लोकांच्या बांधांचे तंटे मिटवलेले. कोर्टात जाण्याआधी माणूस एकदा त्यांच्या पारावर जातो आणि बहुतेक वेळा कोर्ट वाचतं. मी घाबरत त्यांना समजावलं की बापू, ही जमीन नाहीच आहे, कुणालाच दिसत नाही.

बापूंनी चष्मा पुसला. "मन्हा आजानी जमीन बी माले कधी दिसनी नही. नदीना पोटमा गयी. तरी मी रोज तिन्ही याद काढस. रविवारले सकाळले नऊ वाजता या."

रविवारी नऊ! नेमकी मयूरीबाईंची वेळ. पण बापूंना वेळ बदला म्हणायची आमच्या गावात कुणाची छाती नाही.

रविवारी पारावर जत्रा. बापू मध्ये, दोन्ही बाजूंना गावातले चार म्हातारे, समोर डावीकडे गिरधर आणि त्याचे सासरे, उजवीकडे मगन. बायका मारुतीच्या ओट्यावर. मी दोन्ही नकाशे छातीशी धरून उभा. बापूंनी आधी जुना नकाशा घेतला, मग नवा, दोन्ही एकावर एक ठेवून उन्हात धरले.

"इनाम कोनी दिन्हं?" त्यांनी विचारलं.

"काजळराजानी," गिरधर म्हणाला.

"बोलाव त्याले."

मी खाकरलो. "बापू, तो तीनशे वर्षांपूर्वी मेलाय."

"मंग इनाम कसं दिन्हं?"

"म्हणजे... मी त्याचा आवाज काढतो."

"मंग काढ."

माझी आई जन्मदात्री, तिने आधीच घरून पितळी हंडा आणून ठेवला होता. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बेचाळीस वर्षांचा माणूस, ठिबकच्या दुकानाचा मालक, अर्ध्या गावाची उधारी ज्याच्याकडे, तो भर पारावर हंड्यात तोंड घालून उभा. मी आवाज काढला. "मी... काजळराजा... बगळबेट... शेरखड्गाला दिलं!" आवाज असा घुमला की झाडावरचे कावळे उडाले आणि गिरधर जुन्या सवयीने दचकला.

नेमक्या याच क्षणी पाराजवळ गाडी थांबली. निळा कुर्ता, पाठीवर सॅक, मयूरीबाई उतरल्या. मी हंड्यातून डोकं काढायच्या आत त्या मोहिनीशेजारी ओट्यावर बसल्यासुद्धा. "सुरू झालं का?" त्यांनी मोहिनीला विचारलं. मोहिनी म्हणाली, "केव्हाच." त्यांना वाटलं, हाच खेळ आहे, आणि मोहिनीने त्यांना तसं वाटू दिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी माझी बायको किती हुशार आहे हे मला अधूनमधून नव्याने कळतं.

"राजा," बापूंनी हंड्याला विचारलं, "लिखी दिन्हं व्हतं का?"

"राजे... लिहून... देत नाहीत!"

"तठेच चुकतस," बापू शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले.

मग दोन तास जे चाललं ते मी काय सांगू! मगनने उभं राहून गाळपेराची रीत मांडली, आजोबा-पणजोबांचे दाखले दिले. गिरधरने शेरखड्गाने त्या बेटासाठी कोणकोणते राक्षस मारले ते एकेक करून सांगितलं. त्याचे सासरे पहिल्यांदाच जावयाचा पराक्रम ऐकत होते. "आमले माहीतच नव्हतं," असं ते मेहुण्याला म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. मयूरीबाई तर ओट्याच्या टोकावर येऊन बसल्या होत्या. मलाही विसर पडला होता की हे माझं भांडण आहे.

शेवटी बापूंनी काठी आपटली. "एकच इचारस. नदी आपमनघाई सरकनी का कोनी सरकाई?"

सगळे माझ्याकडे वळले. हंडा माझ्या हातात, पण आता त्यात तोंड लपवणं बरं दिसलं नसतं.

"मी सरकाई, बापू."

"कोनले इचारं व्हतं?"

"नही."

बापूंनी चष्मा काढला. "नदी माय सरकनी त तिन्हासंगे कोनी भांडस नही. मंग मगननं खरं, ज्याना काठ त्याना गाळ. पन मानूसनी सरकाई त मानूसले भरनं पडी. ह्या दोन्हीसना गुन्हा नही. गुन्हा हेमकांतना शे. दिन बुडाना आगोदर नदी व्हती तठे ठेव. आनि बठा गावले वरण-बट्टी."

टाळ्या! गावाला बेट कुणाचं याच्यापेक्षा वरण-बट्टी कुणाची हे कळल्याचा आनंद जास्त होता. मगन आणि गिरधर एकमेकांकडे बघून हसले, माझ्याकडे बघून अजून हसले. पण मयूरीबाई उठून उभ्या राहिल्या.

"एक मिनिट. सर, नदी मागे नेली तर तीन दिवसांचा प्रवास राहत नाही. प्रवासाचं प्रकरण बसत नाही. मग नव्या आवृत्तीत हे जग कसं घ्यायचं?"

मी नकाशाकडे पाहिलं. एका बोटाखाली माझं पुस्तक, दुसऱ्या बोटाखाली हे दोघं. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी क्षणभर विचार केला. चांगला लांब क्षण होता तो.

तेवढ्यात गिरधर बोलला. "ऱ्हाऊ दे भो. नदी ऱ्हाऊ दे तठेच. बेट मगनले दिन्हं मी. तुन्हं पुस्तक छापाऊ दे."

"माले कसाले?" मगन उसळला. "तुन्हं शे ते तुन्हं. मी नही लेस."

"लई ले म्हनस ना!"

"नही लेस म्हनस ना! टरबूज बी तुन्हाच!"

"तुन्हा टरबूज माले नको!"

आणि पाहता पाहता तेच दोघं, त्याच बेटावरून, त्याच आवाजात पुन्हा भांडायला लागले, फक्त आता प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं होतं. मगनने गिरधरचा शर्ट धरला. मी खाली बसलो, खिशातून खोडरबर काढलं आणि सोनवेळ पुसली. मग पेन्सिलीने जुन्या वाटेने परत काढली. घाईत ती पहिल्यापेक्षा जरा वाकडी झाली, पण बेट गिरधरच्या काठाला आलं.

"झालं," मी म्हणालो. "बाई, माफ करा. पुस्तक राहू द्या."

दुपारी वाल उघडला गेला, ट्रॉली हलली, संध्याकाळी मारुतीपुढे वरण-बट्टीच्या पंगती बसल्या. सगळा खर्च अर्थात गुन्हेगाराचा. मयूरीबाई बापूंच्या शेजारी बसल्या होत्या, तूप वाढायला मी होतो. चौथी बट्टी कुस्करता कुस्करता त्या म्हणाल्या, "सर, मी ठरवलंय. आपण छापतोय."

तुपाची वाटी माझ्या हातून सुटता सुटता राहिली. "पण प्रवास?"

"काढून टाकू. त्या जागी पार. नव्या नियमांत भांडणं मिटवायला काही सोयच नाहीये, सगळे एकमेकांना मारतच सुटतात. बापू सांगतील तसं लिहू." बापूंनी मान हलवली. त्यांचं आधीच ठरलं होतं.

तर मंडळी, काजळकोटाची नवी आवृत्ती दिवाळीला निघाली. देखणी आहे. मुखपृष्ठावर बापू आहेत, काठी आणि चष्म्यासकट. बगळबेटाचा वाद हे पहिलंच प्रकरण, त्यात शेरखड्ग आणि नागफणी यांची पूर्ण पानभर चित्रं. गिरधरच्या सासऱ्यांनी कळसाडीत पंधरा प्रती वाटल्या. माझा काजळराजा, वीस वर्षांची माझी दहशत, दोन पानांत साक्षीदार म्हणून उरलाय. शिवाय मयूरीबाईंनी खलनायक नवा घेतला. त्याचं वर्णन पान चाळीसवर आहे: "हेमकांड मांत्रिक. कुणाला न विचारता नद्या सरकवतो. ताकद फार कमी. याला मारू नये, पारावर न्यावं."

पुस्तक जोरात चाललंय म्हणे. काल पुण्याहून एका अनोळखी मुलीचा निरोप आला. "सर, आम्ही पाच जणींनी आज तुम्हाला दंड केला. बट्टी खायला कधी येऊ?"

मी मोहिनीला दाखवला. ती म्हणाली, "छान."